जनरेटर घराला जोडायचाय, वायरमन म्हणतो दोन्हीकडे पिन असलेली केबल सॉकेटात घाल. चालेल का?

वाडीतलं_घर
नमस्कार मंडळी. आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्र चालत दहा मिनिटांवर. आई-बाबा दोघंच असतात तिथे आणि मी पुण्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यानंतर आमच्याकडे किती दिवस लाईट नव्हती ते इकडच्या लोकांना सांगायला नकोच, माड-पोफळी आडव्या, पोल झोपलेले, आणि विहीर काठोकाठ भरलेली पण घरात पाण्याचा थेंब नाही, बाबा त्या वयात रहाटाने पाणी काढत होते. आईचं इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलेलं. पुढच्या मे मध्ये परत तौक्ते. तेव्हापासून जनरेटर घ्यायचं डोक्यात होतं, आता ओळखीतून एक ३ केव्हीएचा पेट्रोलवर चालणारा सेकंडहॅन्ड मिळालाय, चालू कंडिशन आहे.

आता प्रश्न असा की तो घराला जोडायचा कसा. गावातला वायरमन म्हणाला मागच्या पडवीत वॉशिंग मशीनचा १६ अँपिअरचा सॉकेट आहे ना, त्यातूनच उलटी लाईट द्यायची, म्हणजे केबलच्या दोन्ही टोकांना प्लग टॉप, एक जनरेटरमध्ये आणि दुसरा सॉकेटात, मेन स्विच पाडायचा की झालं, अख्खं घर चालू. अनेक घरांत असंच करून दिलंय म्हणतो. त्याने केबल बनवून पडवीतल्या खुंटीला अडकवून पण ठेवली आहे. मी चेंजओव्हर स्विचचं (घराला लाईनची लाईट द्यायची की जनरेटरची ते निवडणारा स्विच) विचारलं तर म्हणाला कशाला उगाच खर्च. मला ते पटत नाहीये पण नक्की का पटत नाहीये ते बाबांना समजावून सांगता येत नाही. मिरग जवळ आलाय, आगोटीच्या सामानाबरोबर हेही उरकायचंय. घरात सिंगल फेज आहे, मीटरखाली जुना लोखंडी मेन स्विच किटकॅट फ्यूजवाला, आत एमसीबीचा (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचांचा) बोर्ड, गेल्या वर्षी आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवलाय. शिवाय इन्व्हर्टर, फ्रीज आणि विहिरीवर दीड एचपीचा पंप. जाणकारांनी कृपया सांगा.

माड_आणि_मासे
ती केबल आधी खुंटीवरून काढा, बाकीचं नंतर. त्या केबलचा एक प्लग जनरेटरमध्ये असताना दुसऱ्याच्या पिना उघड्यावर २३० व्होल्ट घेऊन बसलेल्या असतात. अंधारात, पाऊस पडतोय, पडवी ओली, आईंचा हात त्या पिनेला लागला तर? मालवणात आमच्या आळीत एका घरात होती अशी केबल, आम्ही सगळ्यांनी मागे लागून काढायला लावली.

खाडीपलीकडे
थोडं वेगळं मत. आम्ही चार वर्षं असंच वापरतोय, मेन न विसरता पाडतो, काही झालं नाही. आणि समजा विसरलोच तरी शेजारपाजारच्या सगळ्या घरांचा लोड एवढ्याशा जनरेटरवर येऊन तो लगेच ट्रिप होतो, लाईनवर करंट जातो वगैरे जास्तच घाबरवतात लोक.

निवृत्त_लाईनमन
वरचा मेसेज वाचला आणि लिहायलाच बसलो. एकतीस वर्षं लाईनवर काम केलंय, जिल्हा आणि नाव सांगत नाही. प्रश्न विचारणारा माझ्या मुलाच्या वयाचा असेल म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको.

लोड येऊन ट्रिप होतो ही गोष्ट साध्या दिवशी खरी असेल. वादळानंतर नाही. वादळात तारा जागोजाग तुटलेल्या असतात, तुझ्या घरापासून दोन पोलांपर्यंतच तार शाबूत असते आणि त्या तुकड्यावर दुसरं घरच जोडलेलं नसतं. लोड कुठून येणार? जनरेटर मजेत चालत राहतो आणि ती तार जिवंत. आणि त्याच तुकड्याचं तुटलेलं टोक जोडायला आम्ही पोलावर चढलेलो असतो.

आता माझ्यासमोर घडलेलं सांगतो. एका वादळानंतरचा पाचवा की सहावा दिवस. ट्रान्सफॉर्मरचे डीओ, म्हणजे वरच्या लाईनचे फ्यूज, काढून खाली ठेवलेले, म्हणजे वरून सप्लाय यायचा प्रश्नच नाही, कामाचं परमिट हातात, सगळं रीतसर. माझा जोडीदार पोलावर चढला, मी खाली. आमची सवय अशी की तारेला हात लावायच्या आधी अर्थिंगची साखळी, म्हणजे तारा जमिनीशी जोडणारी, टाकायची, लाईन मेलेली असली तरी टाकायची. त्याने साखळी टाकली आणि निळी ठिणगी उडाली, कानाजवळ फटाका वाजल्यासारखा आवाज. तो तिथेच पट्ट्याला लटकून थिजला, खाली यायला त्याला पाच मिनिटं लागली. आणि मग सगळे गप्प झाल्यावर पावसातून घुरघुर ऐकू आली. आवाजाच्या मागावर वाडीतून गेलो तर एका घराच्या मागे जनरेटर, आणि हीच दोन तोंडांची केबल.

घरमालकाने मेन पाडला होता, खोटं बोलला नाही तो. त्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा, लाईट आली का बघू म्हणून त्याने मेन वर केला होता. एवढंच. मुलाचा काय दोष? लाईट आली का बघायला प्रत्येक घरात कोणीतरी मेन वर करतोच. त्या माणसाचे हात थरथरत होते, बायको चहा करते म्हणाली, पण आमच्यात कोणाला घोट गेला नसता. साखळी टाकायला त्या दिवशी माझा जोडीदार विसरला असता तर त्याच्या घरी मला निरोप घेऊन जावं लागलं असतं.

आणखी एक. ट्रान्सफॉर्मर अकरा हजार व्होल्टचे कमी करतो हे सगळ्यांना माहीत, पण तो उलटाही चालतो. तुझे २३० खालच्या बाजूने आत गेले तर वरच्या बाजूला अकरा हजाराच्या तारेवर हजारोंच्या घरात व्होल्टेज तयार होतं. म्हणजे तुझ्या गल्लीत नाही तर पलीकडच्या गावात लाईनवर असलेल्या माणसालाही धोका. खाडीपलीकडे साहेब, तुमच्या चार वर्षांत काही झालं नाही याचा मला आनंदच आहे, पण तुमचा मेन आणि माझ्या माणसाचा जीव यांच्यामध्ये फक्त तुमची आठवण उभी आहे. हात जोडून सांगतो, यंदा तेवढा चेंजओव्हर बसवून घ्या.

खाडीपलीकडे
काका, मुलाचं वाचून पोटात गोळा आला, आमच्याकडेही नातवंडं असतात. उद्याच आमच्या इलेक्ट्रिशियनला फोन करतो.

चिरेबंदी_इलेक्ट्रिकल्स
मी रत्नागिरीत वायरिंगचीच कामं घेतो, लायसन्स आहे. काकांनी का ते सांगितलं, मी कसं ते सांगतो, जरा लांबेल.

तुमच्यासारखे काही जुने किटकॅटवाले मेन फक्त फेज तोडतात. न्यूट्रल तिथे लिंकने सरळ जोडलेला राहतो, म्हणजे मेन पाडला तरी घर लाईनपासून पूर्ण सुटत नाही. म्हणून चेंजओव्हर घ्यायचा तो डबल पोल, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम पलटवणारा. एक, शून्य, दोन अशा तीन जागा असतात, एकवर लाईन, दोनवर जनरेटर, मधे शून्यावर काहीच नाही. त्याची रचनाच अशी की दोन्ही सप्लाय एकाच वेळी घराला लागू शकत नाहीत, कोणी विसरो, मूल खेळो, काही होवो. आणि फक्त लाईनमनसाठी नाही, तुमच्या जनरेटरसाठीसुद्धा, कारण जनरेटर चालू असताना लाईनची लाईट परत आली आणि दोन्ही एकमेकांवर आदळले तर वाइंडिंग जळतं, आग लागते.

जोडणी अशी. मीटर, मग मेन, मग चेंजओव्हरची एक नंबरची बाजू. दोन नंबरच्या बाजूला जनरेटरकडून येणारी केबल, तिच्यावर वेगळा डबल पोल एमसीबी. चेंजओव्हरच्या आउटपुटवरून आरसीसीबी आणि मग आतला बोर्ड. आरसीसीबी चेंजओव्हरच्या नंतर असला म्हणजे दोन्ही सप्लायवर काम करतो, तुमचा कुठे बसवलाय ते तपासून घ्या. सिंगल फेज घराला ४० अँपिअरचा चेंजओव्हर बहुतेक वेळा पुरतो, पण तुमचा मंजूर लोड बघून ठरवायचं. जनरेटर ते घर तीन कोअरची तांब्याची ४ स्क्वेअर मिलिमीटरची फ्लेक्सिबल केबल. आणि भिंतीवर सॉकेट नाही, इनलेट बसवायचा, म्हणजे पिना भिंतीतल्या डब्यात आत आणि केबलच्या टोकाला भोकांचं तोंड. निळ्या रंगाचे इंडस्ट्रियल प्लग मिळतात झाकणवाले, ते. यात उघडी जिवंत पिन कुठेच राहत नाही.

आता एक गोष्ट जी बरेच जण सोडून देतात. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा बॉडीला किंवा जमिनीला जोडलेला नसतो, तरंगता असतो. डबल पोल चेंजओव्हरने तुम्ही लाईनचा न्यूट्रल तोडलात म्हणजे त्याच्यामागचं अर्थिंगही गेलं. मग पंपाच्या बॉडीत करंट उतरला तरी तो करंट जमिनीतून जनरेटरकडे परत यायला वाटच नाही, आणि आरसीसीबी ट्रिप होत नाही. म्हणून कायमच्या जोडणीत जनरेटरचा न्यूट्रल जनरेटरपाशीच, एकाच ठिकाणी, अर्थला जोडतात. हे मॅन्युअल बघून लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या, घरच्या घरी नको. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, खटकन पडला, म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. ते बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्ये फरक तयार करतं, अर्थिंग अजिबात नसलं तरी ते पडणारच. खरी तपासणी टेस्टिंगचं मीटर लावून होते.

अर्थिंगचं आपल्याकडे खास दुखणं. खाली कातळ, सळई दोन फुटांवर अडकते, मग कोणीतरी तेवढीच पुरून माती लोटून मोकळा होतो. जांभा पावसात ओला असतो तेव्हा बरं येतं रीडिंग आणि मार्च-एप्रिलला तोच खड्डा कामाचा राहत नाही. जागा निवडताना मोरीचं पाणी जिथे जातं, केळी लावलेल्या असतात, किंवा पोफळीचं शिंपणं जिथे होतं तिथे खड्डा घ्या, मीठ-कोळसा भरून, आणि उन्हाळ्यात पाणी घालत जा. आम्ही अर्थिंगचा रोध ५ ओमच्या आत आणायचा प्रयत्न करतो, आणि तेही उन्हाळ्यात मोजून. घराचं अर्थिंग, जनरेटरची बॉडी, सगळं एकमेकांना जोडलेलं हवं.

समुद्राजवळ आहात म्हणून चेंजओव्हर पत्र्याच्या डब्यात घेऊ नका, खाऱ्या हवेत तीन पावसाळ्यांत बिजागरी गळून पडते. आयपी ६५ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा, प्लास्टिकचा डबा घ्या. आणि दर दोन-तीन महिन्यांनी, लोड बंद करून, मूठ दोन-चारदा फिरवा नाहीतर कॉन्टॅक्टवर हिरवं चढतं आणि हव्या त्या रात्री तो हलत नाही.

वाडीतलं_घर
चिरेबंदी दादा, काका, किती आभार मानू. काकांचा मेसेज बाबांना फोनवर मोठ्याने वाचून दाखवला, ते काहीच बोलले नाहीत, नुसतं म्हणाले केबल काढतो. दोन प्रश्न अजून, पंप ओढेल का ३ केव्हीएवर? आणि इन्व्हर्टरचं काय करायचं? बाबांच्या डोक्यात छतावर सोलर पण आहे, नेट मीटरवालं, जास्तीची वीज लाईनला परत देणारं.

चिरेबंदी_इलेक्ट्रिकल्स
पंप नाही ओढणार, ओढला तरी जनरेटरला रडवेल. ३ केव्हीएला पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर हातात २.४ किलोवॅट येतात. दीड एचपीचा पंप चालू असताना नऊ-दहा अँपिअर घेतो पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट मागतो, आणि जनरेटरची सगळी ताकदच १३ अँपिअर. व्होल्टेज कोसळतं, पंप घूं घूं करत अडकतो, दोघांचंही नुकसान. या पंपाला ५ केव्हीए किंवा त्यावरचा लागेल. नाहीतर विहिरीवर दुसरा अर्ध्या एचपीचा छोटा पंप ठेवा, तोच वादळात वापरायचा, टाकी भरायला वेळ लागेल पण भरेल, आणि तोसुद्धा बाकी सगळं बंद ठेवून आधी पंप सुरू करायचा, मग फ्रीज.

इन्व्हर्टर आतल्या बोर्डवरूनच आहे ना, मग चेंजओव्हर फिरवला की त्यालाही जनरेटरची लाईट मिळेल. काही इन्व्हर्टर जनरेटरचा हलता सप्लाय नाकारतात, मागे यूपीएस मोडचं बटण असतं ते नॉर्मलवर केलं की बहुतेक वेळा घेतात. बॅटरी एकदम रिकामी असेल तर चार्जिंगचा लोडही मोजा.

सोलर नेट मीटरवालं बसवाल तेव्हा बसवणाऱ्याला चेंजओव्हर आधी दाखवा. ती सिस्टीम लाईन गेली की आपोआप बंद होते, लाईनमनच्या सुरक्षेसाठीच तशी बनवलेली असते. पण जर ते चेंजओव्हरच्या घराकडच्या बाजूला जोडलं तर जनरेटरलाच लाईन समजून चालू होईल आणि जास्तीची वीज जनरेटरमध्ये ढकलेल. सोलर लाईनच्या बाजूला, चेंजओव्हरच्या आधी, जोडायचं.

पावसातली_पडवी
सगळे जोडणीचं बोलताय, मला जनरेटर ठेवायचा कुठे ते सांगायचंय कारण आमच्या घरात अगदी थोडक्यात निभावलं. श्रीवर्धनकडे सासर. वादळानंतर पाऊस थांबेना म्हणून आम्ही जनरेटर मागच्या पडवीत ठेवला आणि तिन्ही बाजूंनी निळी ताडपत्री बांधली, भिजायला नको म्हणून. माजघराचं दार पडवीतच उघडतं. दोन तासांनी सासूबाई म्हणाल्या डोकं फुटतंय, मग उलटी, आम्हाला वाटलं पित्त, जागरण झालंय, आडवं व्हा म्हटलं. मग मलाही गरगरायला लागलं आणि माझ्या दिराच्या लक्षात आलं, त्याने जनरेटर बंद करून आम्हाला ओढून अंगणात पावसात बसवलं. अर्ध्या तासाने सासूबाई बोलायला लागल्या. धुराचा वास नव्हता हो फारसा, तेच भयंकर आहे, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि रंगही नसतो. आम्ही त्यांना आडवं व्हायला सांगत होतो ते आठवलं की अजून झोप उडते.

आता आमचा जनरेटर घरापासून वीस फूट लांब, चौथऱ्यावर, वर पत्रा आणि चारही बाजू मोकळ्या. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो म्हणून घराच्या पूर्वेला ठेवलाय आणि सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला, म्हणजे धूर वाऱ्याबरोबर वाडीत निघून जातो. पेट्रोल गरम इंजिनवर कधी ओतायचं नाही, बंद करून थंड होऊ द्यायचं, आणि कॅन घरात ठेवायचा नाही. कोणाला डोकं दुखणं, मळमळ, झोप आली असं झालं की आधी बाहेर, मग बाकी विचार, आणि डॉक्टरला दाखवायचंच.

निवृत्त_लाईनमन
ताईंनी सांगितलं ते पूर्ण खरं. आणि एक सोपा मार्ग राहिला सांगायचा, ज्यांना फक्त फ्रीज, दोन पंखे आणि मोबाईल चालवायचेत त्यांनी घराच्या वायरिंगला हातच लावू नका. जाड तीन कोअरचं एक्स्टेन्शन सरळ जनरेटरमधून आणा आणि फ्रीजचा प्लग त्यात लावा. लाईनचा संबंधच नाही.

वाडीतलं_घर
अपडेट. काल शनिवारी गावी आलो आणि आजच काम झालं. दापोलीहून लायसन्सवाले आले, डबल पोल चेंजओव्हर, इनलेट, आरसीसीबी त्याच्यानंतर घेतला. अर्थिंगचा नवा खड्डा मोरीच्या पाण्यावर केळीजवळ, जुनी सळई उपटली तर खरंच दीड फुटांचीच होती. लाईनच्या बाजूला एक छोटा इंडिकेटर दिवाही लावून घेतला म्हणजे लाईट आली का बघायला कोणाला काही फिरवावं लागणार नाही, काका ते तुमच्या त्या मुलामुळे सुचलं. गावातला वायरमन पण आला होता बघायला, मी काही बोललो नाही, त्यानेच केबलचे दोन्ही प्लग कापले आणि न्यूट्रलचं सगळं उभं राहून विचारून घेतलं. ज्या घरांत तशी केबल दिलीये त्यांची यादी करतो म्हणाला.

क्रम बाबांनी ऑइल पेंटने भिंतीवर लिहिलाय. एमसीबी सगळे खाली, मूठ शून्यावर, जनरेटर सुरू, दोन-तीन मिनिटं थांबणे, मूठ दोनवर, मग एकेक एमसीबी. बंद करताना उलट. आई पण शिकली, दुपारी दोनदा केलं तिने.

निवृत्त_लाईनमन
छान केलंस. आईला एकदा रात्री करायला लाव, सगळे दिवे घालवून, हातात फक्त टॉर्च. तशाच वेळी लागणार आहे ते.